बाराशे तेरावं पुस्तक

पैज लागली तो दिवस पोळ्याचा दुसरा. वेळ सकाळी साडेनऊ. पैज अर्धा किलो माशांची. मासे ताजे, त्याच दिवशी आलेले. हजर: तू, मी, कीबोर्डावर बसलेली तुझी मांजर एंटर आणि उंबऱ्यात आडवा पडलेला तुझा कुत्रा खापऱ्या. हरणाऱ्याने मासे आणून एंटरला द्यायचे, असं ठरलं. मी जन्मात मासा विकत घेतलेला नाही, आमच्या घरात तो येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तू पैज माशांची लावलीस, वसंता.

वाद एका पुस्तकाचा होता. तुझ्या कॉम्प्युटरमधल्या यादीप्रमाणे तुझ्याकडे बाराशे तेरा पुस्तकं होती. मी हाताने मोजली तेव्हा ती बाराशे बारा भरली. आपल्या दोघांत चूक कोणाची, हे तू असेपर्यंत ठरलं नाही. त्या एका पुस्तकावरून मी तुला जे बोललो, तेही परत घ्यायचं राहिलं. तेवढ्यासाठी हे लिहितो आहे. तू केव्हा जन्मलास, कोर्टाबाहेर किती वर्षं अर्ज टाईप केलेस, ते इतर लोक लिहितील.

तुझी यादी पूर्ण झाली, असं तू त्या दिवशी मला बोलावून सांगितलंस. यादीचा प्रोग्रॅम तूच लिहिलेला. पुस्तकाचं नाव, कुठून आणलं, केव्हा वाचलं, पुन्हा वाचलं का, आणि शेवटी शेरा. खाली एकूण आकडा. तू खुर्ची मागे ढकलून माझ्याकडे पाहिलंस. तुला शाबासकी हवी होती, ते आता कळतं. मी विचारलं, "मोजात का?"

माझा धंदा तो. सव्वीस वर्षं मी मिरचीच्या बाजारात मापाडी आहे. दुसऱ्याने सांगितलेला आकडा मी कधी वहीत घेतला नाही. तू म्हणालास, मशीनने मोजलीत. मी म्हटलं, मशीनने यादी मोजली, पुस्तकं नाही मोजली.

तू हसून बाजूला झालास आणि मी बाह्या वर केल्या. वीस-वीसच्या थप्प्या लावल्या, थप्पीला खडूची एक रेघ. मोजताना माझ्या तोंडून पहिल्या पुस्तकाला 'एक' निघेना, 'लाभ' निघालं. बाजारात पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही. लाभ, दोन, तीन असं मोजतो. आजोबा तसं मोजायचे, मीही तसंच मोजतो. तू खो खो हसलास. म्हणालास, तुम्हा मापाड्यांचं लाभापासून सुरू होतं आणि आमच्या मशीनचं शून्यापासून, एक आकड्याला दोघंही घाबरता. साठ थप्प्या झाल्या आणि वर बारा पुस्तकं उरली.

"लाभ धरा का रे, मापाडी?" तू विचारलंस.

धरला होता. तरी पुन्हा मोजली. जेवणाची वेळ टळून गेली. पुन्हा बाराशे बारा. मग मी सांगितलं की तुझं मशीन शून्यापासून मोजतं, तिथेच तो एक वाढला असणार. तू माझीच वही घेतलीस, मागच्या पानावर पाच रेघा ओढल्यास आणि दाखवलंस, की शून्यापासून मोजलं तर शेवटचा आकडा एकाने कमी येतो, जास्त येत नाही. माझ्या वहीत, माझ्याच पेनाने तू मला खोटं पाडलंस. त्या पाच रेघा अजून तिथे आहेत.

मी विचारलं, एखादं पुस्तक बाहेर कुणाला दिलंय का? हा साधा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. तू उत्तर द्यायच्या आधी एंटरकडे पाहिलंस. तिचा कान चोळलास. "सगळं हिशोबमा शे," एवढंच म्हणालास.

मी बाजारात माणसं ओळखतो. ज्याने पोत्यात ओली मिरची दडवलेली असते, तो मापाड्याकडे बघत नाही, पोत्याकडे बघतो. मला वाटलं, तू तसाच आहेस. एक पुस्तक दोनदा लिहिलं गेलंय, तुला ते कळलंय आणि तू मान्य करत नाहीस. मला राग आला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "घरमा दुसरं मानूस ऱ्हातं तं तुन्ही चूक दखाडतं. मांजर काय दखाडी?"

तू एंटरला उचलून मांडीवर घेतलंस. मग हळू म्हणालास, "बरं. घर जाय आते, मधू. वहिनी वाट दखी ऱ्हायनी व्हई."

रागावला असतास तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. तू रागावला नाहीस म्हणून मला येता आलं नाही.

अकरा दिवस मी तुझ्या दारावरून गेलो नाही. बाजारात जायला मागच्या गल्लीचा रस्ता धरला. तो एकशे चाळीस पावलं लांब पडतो. बाराव्या दिवशी सकाळी दूधवाला आमच्या ओट्याशी आला, सायकलवरून उतरला आणि दूध न देता नुसता उभा राहिला.

त्यापुढचं इथे लिहीत नाही.

तुझ्या खोलीत मी किती रविवार बसलो असेन, त्याचा आकडा माझ्याकडे नाही. आश्चर्य वाटेल तुला. वजनं लिहून ठेवली, पाऊस लिहून ठेवला, अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, केलेली एंटरची वजनंसुद्धा लिहून ठेवली, पण रविवार लिहिले नाहीत. ते संपतील असं कधी वाटलंच नाही.

तुझी सकाळ मला पाठ होती. आधी खापऱ्याची भाकर दुधात कुस्करायची, मग एंटरची वाटी, मग तुझा चहा आणि मग मशीन. कुठल्या कुठल्या कचेरीतून टाकून दिलेले कॉम्प्युटर तू उचलून आणायचास. तीन मेलेल्यांतून एक जिवंत करायचास. एकाची हार्ड डिस्क, दुसऱ्याची रॅम, तिसऱ्याची पेटी. मी विचारायचो, हे विकणार आहेस का? तू म्हणायचास, नाही. मग कशाला करतोस? तू म्हणायचास, बघू चालतं का. मला ते उत्तर कधी पटलं नाही. पण चालू झालेल्या मशीनचा पहिला आवाज आला की तुझा चेहरा असा व्हायचा, की पुढचा प्रश्न विचारायचं माझ्या जिवावर यायचं.

मशीनवर काही भरायला लावलं की पडद्यावर टक्के सरकायचे. तेवढ्या वेळात तू पुस्तक उघडायचास. त्यामुळे कामाला किती वेळ लागेल, हे तू तासांत सांगतच नव्हतास. हे बावीस पानांचं काम आहे, म्हणायचास. हे मात्र सत्तर पानांचं, आज जेवूनच जा. मी एकदा घड्याळ लावून पडताळलं. बावीस पानांना सत्तेचाळीस मिनिटं लागली. पुढच्या वेळी बावीस पानांनाच एक तास दोन मिनिटं. मी म्हटलं, तुझं माप फिरतं. तू म्हणालास, पुस्तक फिरलं, दुसरं पुस्तक जड होतं.

तुझ्या सायकलच्या पंपाची गोष्ट मी अजून बाजारात सांगतो. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर पथारीवर मैलभर मिरची वाळत होती आणि वाऱ्याबरोबर तिचा खकाणा घराघरात येत होता. तुझ्या मशीनच्या पंख्याने तो महिनाभर आत ओढला. मशीन तापून बंद पडायला लागलं. तू पेटी उघडलीस, दारं-खिडक्या लावल्यास, का तर बाहेरची धूळ आत येऊ नये, आणि सायकलच्या पंपाने आत हवा मारलीस. दुसऱ्या मिनिटाला तू, मी, एंटर, खापऱ्या, चौघं गल्लीत. तुझ्या डोळ्यांतून पाणी, माझ्या नाकातून पाणी. एंटर शेजारच्या पत्र्यावर जाऊन संध्याकाळपर्यंत उतरली नाही. तुझी वहिनी मंगला पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली आणि आपली तोंडं बघून तिथेच ओट्यावर बसून हसली. तू शिंकत शिंकत मला विचारलंस, आत किती ग्रॅम असेल रे? मी अंदाज दिला, चाळीस. तू दुसऱ्या दिवशी ब्रशने सगळं काढून कागदाच्या पुडीत माझ्याकडे आणलंस. छत्तीस ग्रॅम भरली. माझा अंदाज इतका जवळ गेल्याचा आनंद माझ्यापेक्षा तुलाच झाला.

आणि मणिबेली, नर्मदेच्या धरणाकाठचं गाव. तिथल्या एका शिक्षकांनी निरोप पाठवला होता की शाळेतला कॉम्प्युटर मेलाय. जायला-यायला दोन दिवस, त्यात नाव. मी सुट्टी काढून तुझ्याबरोबर आलो, का आलो ते आठवत नाही. नावेत तू मांडीवर हत्यारांची पिशवी आणि वर उघडं पुस्तक घेऊन बसला होतास. खाली बुडालेली शेतं असल्याचं नावाड्याने सांगितलं, तेव्हा तू पुस्तक मिटलंस ते काठ येईपर्यंत उघडलं नाहीस. शाळेत पेटी उघडली तर आत, वायरींच्या मागे, पालीची दोन अंडी. तू हात थांबवलास. गुरुजींकडे काड्यापेटी मागितलीस, कापूस मागितलास, अंडी त्यात ठेवलीस आणि भिंतीच्या फटीत ठेवायला सांगितलीस. मग एक सैल झालेली वायर दाबलीस आणि मशीन सुरू झालं. दहा मिनिटांचं काम. येताना मी म्हटलं, दहा मिनिटांसाठी दोन दिवस घालवले. तू म्हणालास, मी एकशे साठ पानं वाचली, तू काय केलंस? मी काहीच केलं नव्हतं. मी नदीकडे बघत बसलो होतो. तसा नुसता बसलेला मी त्याआधी नव्हतो आणि नंतरही नाही.

तुझं दहावं झालं त्यानंतरच्या रविवारी तुझा भाचा निलेश सुरतहून टेम्पो घेऊन आला. पोरगा वाईट नाही. त्याची तिकडे दोन खोल्यांची जागा आहे, घरमालकाला खोली रिकामी हवी होती. त्याने भंगारवाल्याशी बोलणं केलं होतं. कॉम्प्युटर नगावर जाणार होते आणि पुस्तकं किलोवर. तो माझ्या ओट्यावर आला, पाया पडला आणि संकोचाने म्हणाला, "काका, तुम्ही मापाडी शेतस. तुम्हीच वजन करी द्या. तो भंगारवाला मारी लेई."

त्याने ते विश्वासाने विचारलं होतं. मी काटा घेऊन तुझ्या खोलीत गेलो. दारात खापऱ्या उठला, माझ्या हातातला काटा हुंगला आणि परत आडवा पडला. सव्वीस वर्षांत मी कुठलं माप नाकारलं नव्हतं. थप्पी उचलली, काट्यावर ठेवली आणि आकडा वाचता येईना. चष्मा पुसला. आकडा स्वच्छ होता. मला तो वाचायचा नव्हता.

मी निलेशला म्हटलं, वजन नंतर करू, आधी तुझ्या मामाची यादी बघू. एक पुस्तक कमी आहे. ते सापडल्याशिवाय मला काही मोजता यायचं नाही. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी अजून बावन्नचा आहे, पण त्या खोलीत मी म्हातारा दिसत असेन. त्याने मशीन सुरू केलं. पासवर्ड मागितला. त्याने तुझं नाव टाकलं, आजीचं नाव टाकलं, तुझं जन्मवर्ष टाकलं. उघडेना. मग तो म्हणाला, राहू द्या काका, आतलं कोणाला लागतंय.

मला लागत होतं.

तुझा पासवर्ड मला ठाऊक होता, म्हणजे माझ्या वहीला ठाऊक होता. दर आखाजीला आपण एंटरला मिरचीच्या पाटीत बसवून माझ्या काट्यावर तोलायचो. आधी रिकामी पाटी, मग पाटीसकट मांजर. तू तिचं नाव आणि त्या वर्षीचं वजन ग्रॅममध्ये, असा नवा पासवर्ड लावायचास आणि म्हणायचास, विसरलो तर मापाड्याची वही आहेच. मी घरी जाऊन वही आणली. चार हजार एकशे पन्नास. तू शिकवलेल्या एका बोटाने मी अक्षरं दाबली, मग आकडे. शेवटची कळ दाबली, जिच्यावर ती बसायची आणि जिच्यावरून तिला नाव पडलं.

यादी उघडली. खाली एकूण, बाराशे तेरा. त्याखाली दुसरी ओळ होती, जी तू मला त्या दिवशी दाखवली नव्हतीस. बाहेर: एक. मी त्या ओळीवर बाण नेला, कळ दाबली. पुस्तकाचं नाव आलं: जुन्या मापांवरचं, शेर, पायली, मण यांच्यावरचं एक जुनं पुस्तक. समोर वाचणाऱ्याचं नाव होतं. मधुकर, मापाडी.

आठ वर्षांपूर्वीचं. पुढे शेरे होते, वर्षाला एक.

वाचतोय.

सावकाश वाचतोय.

मिरचीचा हंगाम, वेळ नसेल.

मागायचं नाही.

मंगलावहिनी आजारी. मागायचं नाही.

वाचतोय.

वाचत असेल.

आणि शेवटचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, मी निघून गेल्यावर लिहिलेला: आज मोजणीत एक कमी आलं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तसाच उठून आणून दिलं असतं, न वाचता. मासे मीच आणतो.

निलेश मागे उभा होता. त्याने वाचलं की नाही मला माहीत नाही. तो बाहेर गेला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, आज नही.

घरी आलो आणि मंगलाला विचारलं, वसंताने मला कधी पुस्तक दिलं होतं का? तिने स्टूल घेतलं, माळ्यावर चढली आणि माझ्या जुन्या वजनांच्या ट्रंकेमागून एक पुडकं काढलं. आधी वर्तमानपत्र, मग प्लॅस्टिक, मग सुतळी, सुतळीला दोन गाठी. वर चिकटवलेला कागद. तिने तो माझ्यासमोर धरला. "हाई काय शे? अक्षर तं तुमनंच शे."

अक्षर माझंच होतं. 'वसंताचे. परत करणे.'

तू दिलंस तेव्हा मिरचीचे दिवस होते. खकाण्याने खराब होऊ नये म्हणून मी ते बांधलं होतं. दुसऱ्याची वस्तू जपावी, एवढंच मला कळतं. इतकं जपलं की मला स्वतःलाच ते उघडता आलं नाही. मनात असंही आलं होतं की दिवसभर मापंच करतो, घरी येऊन पुन्हा मापंच काय वाचायची. हे तुला कधी सांगितलं नाही. पुढे विसरलो. मी, जो दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधायला दुपारचं जेवण टाळतो.

माझी मोजणी बरोबर होती, वसंता. खोलीत बाराशे बाराच होती. तुझी यादीही बरोबर होती. दोघांचं बरोबर असून एक कमी पडत होतं, आणि ते माझ्या माळ्यावर दोन गाठींत होतं. तू एक वाक्य बोलला असतास तर पैज जागच्या जागी जिंकली असतीस. त्याऐवजी तू मांजरीचा कान चोळलास आणि मी तुला चोर समजलो.

सुतळी सोडली. आता रोज वाचतो आहे, वीस पानं, कधी चौदा. तू म्हणायचास तसंच आहे, काही पुस्तकं जड असतात. एकसष्टाव्या पानावर तुझी पेन्सिल भेटली. तिथे लिहिलंय की पायली चार शेरांची. बाजूला तू प्रश्नचिन्ह काढलंस आणि बारीक अक्षरात लिहिलंस, 'मधूला विचारणे.'

हे होतं तर. ह्याच्यासाठी तू ते मला दिलंस. मला वाटत होतं, तू मला वाचायला लावतो आहेस, सुधारायला निघाला आहेस. तुला मला काहीतरी विचारायचं होतं आणि मी त्या पानापर्यंत येण्याची वाट तू आठ वर्षं पाहिलीस. एवढ्या पुस्तकांत तुला न मिळालेली एक गोष्ट माझ्याकडे असेल, असं तुला वाटलं होतं.

उत्तर आहे माझ्याकडे. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांनी पाहिलेल्या दुकानांत पायल्या दोन असायच्या, घ्यायची मोठी आणि द्यायची लहान. आजोबांनी स्वतःजवळ एकच ठेवली आणि त्यापायी त्यांची दोन कामं गेली. पुस्तकवाल्याने एकच पायली मोजली, कारण त्याला दुकानदाराने एकच दाखवली. हे तुला सांगितलं असतं तर तू खुर्ची मागे ढकलली असतीस, पन्नास प्रश्न विचारले असतेस आणि मंगलाने दोनदा जेवायला हाक मारली असती. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि तुझ्या अक्षराखाली उत्तर लिहिलं, बेताच्या जागेत मावेल एवढं. मग पुस्तक मिटून बसलो. ऐकणारं कोणी नव्हतं.

मंगला म्हणाली, मला सांगा ना. मी तिला सांगितलं. तिने नीट ऐकलं, मान हलवली, आजोबा भले होते म्हणाली. ती मनापासून बोलली. पण ती माझ्याशी भांडली नाही.

पुस्तकं आता आमच्या पुढच्या खोलीत आहेत, जिथे वर्षाची मिरची ठेवायचो. निलेशने आपल्या हाताने टेम्पोतून आणली, दोन खेपा, आणि स्वतःसाठी एक शब्दकोश मागून घेतला. तुझं एक मशीन मी ठेवलं, यादी असलेलं. बाकीची मला चालवता येत नाहीत, ती भंगारवाल्याकडे गेली. त्याबद्दल मला माफ कर. गेलेल्या मशीनसाठी निलेशने मला हिशोबाचा एक कागद करायला सांगितला, तो मी केला, पण त्यावरचे आकडे तुला सांगणार नाही. एंटर पुस्तकांबरोबर आमच्याकडे आली. खापऱ्या दिवसा आमच्याकडे जेवतो आणि तुझ्या बंद दाराशी जाऊन झोपतो. खापर गावच्या बाजारातून शालीखाली लपवून एसटीने तू त्याला आणलास तेव्हा तो सव्वा किलोचा होता. आता हाडंच जास्त आहेत.

यादीतला एकूण आकडा मी बदललेला नाही. 'बाहेर: एक' ही ओळही तशीच ठेवली आहे. नियमाने, पुस्तक आता याच खोलीत आल्यावर ती शून्य व्हायला हवी. पण माझं वाचून झालेलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी एका बोटाने भर घातली: एकसष्टावर आहे.

रविवारी साडेनऊला अजून पाय तुझ्या गल्लीकडे वळतात. मागच्या रस्त्याने आता जात नाही, त्याची गरज राहिली नाही. तुझ्या दारापर्यंत जातो, कुलूप बघतो, परत येतो. जाऊन-येऊन तीनशे बारा पावलं. एवढं जवळ होतं.

बोललो ते परत घेता येत नाही, हे मला कळतं. बाजारात एकदा सांगितलेलं माप मी कधी फिरवलं नाही. हे मात्र फिरवतो. तुझ्या घरात दुसरं माणूस होतं, वसंता. दर रविवारी येऊन बसायचं. त्यालाच त्याची चूक दिसली नाही.

पैज राहिली होती. तू लिहून ठेवलंस की मासे तू आणणार, पण हरलो मी. काल सकाळी बाजारात मासेवालीसमोर जाऊन उभा राहिलो. ती मला बारा वर्षं ओळखते, तिच्या काट्याला मी दोनदा नावं ठेवली आहेत. म्हणाली, "मापाडी भाऊ, आज मन्हा काटा तपासाले उनात का?" मी म्हटलं, नाही, मासे द्या. तिचे हात थांबले. "तुमनाकरता?" मी म्हटलं, नाही, एक देणं आहे. तिने पाटी पुढे सरकवली. लहान, चांदीसारखे मासे होते, उकई धरणाच्या पाण्यातले, पहाटे आलेले. काट्याचा आकडा पाचशे वीसवर थांबला. वरचा एक मासा काढायला तिने हात घातला. मी म्हटलं, राहू द्या.

मंगलाने अंगणात तीन विटांवर जुनं पातेलं ठेवून ते उकडले. घरात आणले नाहीत, तेवढा नियम तिने पाळला, पण काटे तिनेच काढले. मी तुझ्या घरची एंटरची वाटी धुऊन ओट्यावर ठेवली. एंटर आधी आली नाही. मग पुस्तकांच्या खोलीतून निघाली, वाटीभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसून खायला लागली. खापऱ्याला माशांचं पाणी आणि भाकर मिळाली.

दिले: मासे, पाचशे वीस ग्रॅम. एंटरला. देणारा मधुकर. साक्षीला मंगला आणि खापऱ्या.